प्राथमिक चौकशीच्या नावावर बढती अडवता येत नाही

प्रश्न : मी कोल्हापूर जिल्ह्यात सहायक पोलीस निरीक्षक आहे. गेल्या जूनमध्ये निरीक्षकपदाची निवडसूची लागली. ज्येष्ठता यादीत माझ्या खालच्या दोघांना बढती मिळाली, मला नाही. एका तक्रारअर्जाची प्राथमिक चौकशी सुरू आहे, असे तोंडी सांगतात. दोषारोपपत्र मिळालेले नाही. जुलैत अर्ज दिला, पुढे दोन स्मरणपत्रे दिली, उत्तर नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच आता कोल्हापुरातच आहे, तर तिथे थेट रिट याचिका करावी का?

उत्तर : थेट रिट करू नका. ऑगस्ट 2025 पासून आपल्याकडे सर्किट बेंच सुरू झाले, त्याचा आनंद मलाही आहे. पण राज्य शासकीय सेवेतल्या वादाची पहिली पायरी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. एल. चंद्रकुमार प्रकरणात 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने हे पक्के केले. मॅटचा निकाल विरोधात गेला, तर मग उच्च न्यायालयात दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाकडे जाता येते. कोल्हापूरकरांना मॅटसाठी मुंबई गाठावी लागते.

तुमची बाजू मला भक्कम वाटते. बढती मिळणे हा हक्क नाही, पण पात्र अधिकाऱ्याच्या नावाचा रास्त विचार होणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 16 खालचा मूलभूत हक्क आहे. जानकीरामन प्रकरणात 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, विभागीय चौकशीत दोषारोपपत्र बजावल्यावर किंवा फौजदारी खटल्यात आरोपपत्र दाखल झाल्यावरच पदोन्नती समितीचा निष्कर्ष मोहोरबंद पाकिटात ठेवता येतो, म्हणजे प्रकरण संपेपर्यंत बढती रोखता येते. प्राथमिक चौकशी म्हणजे नुसती चाचपणी. तिच्या आधारावर माणूस अडकवून ठेवणे हा अन्यायच आहे. तुम्ही निलंबित असाल, तर मात्र गणित बदलते. तसे तुम्ही लिहिलेले नाही.

पण तोंडी कारणावर विसंबू नका. माहिती अधिकारात विभागीय पदोन्नती समितीचे इतिवृत्त आणि स्वतःचे गोपनीय अहवाल मागा. खरे कारण गोपनीय अहवालातला एखादा खालावलेला शेराही असू शकतो. तो तुम्हाला कळवलाच नसेल, तर देवदत्त प्रकरणातला 2008 चा निकाल तुमच्या बाजूने आहे : प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे.

मला खरी काळजी मुदतीची आहे. अर्जाला सहा महिने उत्तर आले नाही, तर त्यानंतर एका वर्षात मॅटमध्ये मूळ अर्ज (तिथली याचिका) दाखल करावा लागतो. तुमचे सहा महिने जानेवारीत संपले. वर्ष तेव्हापासून चालू आहे. स्मरणपत्रांनी ही मुदत वाढत नाही, हे एस. एस. राठोर प्रकरणात 1989 सालीच ठरले आहे. साहेब आज बघतील, उद्या बघतील, या आशेवर चांगल्या केसेस बुडालेल्या असतात. म्हणून चौथा अर्ज लिहू नका. आमदारांचे शिफारसपत्रही आणू नका. बाहेरून दबाव आणणे हा वर्तणूक नियमांचा भंग आहे आणि नसलेली चौकशी त्यातून उभी राहील.

मूळ अर्जात बढती मिळालेल्या त्या दोघांनाही प्रतिवादी करा, नाहीतर त्यांच्या ज्येष्ठतेला धक्का लावणारा आदेश मिळणे अवघड. मागणी तीन गोष्टींची हवी : नावाचा पुन्हा विचार, कनिष्ठाला बढती मिळाली तो मानीव दिनांक (म्हणजे त्याच तारखेपासून तुमचीही बढती धरणे), आणि वेतनातला फरक. निकाल लागेपर्यंत एक पद रिक्त ठेवावे, अशी अंतरिम विनंतीही जोडा. दरम्यान दोषारोपपत्र हातात पडले, तर त्यावरची तारीख आणि ते मिळाल्याची तारीख दोन्ही जपून ठेवा. समितीच्या बैठकीनंतरचे दोषारोपपत्र असेल, तर मागच्या बैठकीतली वगळणूक त्याने झाकता येणार नाही.