इयत्ता नाही, पण परीक्षा आहे

प्रश्न : आम्ही फिनलंडमधील एस्पो येथे राहतो. मुलगी नववी उत्तीर्ण झाली असून ऑगस्टपासून लुकिओत, म्हणजे तेथील उच्च माध्यमिक शाळेत जाईल. तिथे अकरावी-बारावी अशा इयत्ताच नसतात म्हणे! ती चार वर्षे घेणार म्हणते. तिचे वर्ष वाया तर जाणार नाही ना? – एक आई

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, मात्र इयत्ता नाहीत याचा अर्थ गुण नाहीत असा नव्हे. लुकिओत प्रत्येक अभ्यासघटकाला साधारणपणे 4 ते 10 या श्रेणीत गुण मिळतात आणि 4 म्हणजे अनुत्तीर्ण. फरक एवढाच की एखादा घटक राहिला, तर सबंध वर्ष पुन्हा करावे लागत नाही.

एकूण 150 क्रेडिट पूर्ण करायची असतात. वर्षाचे बहुधा पाच कालखंड असतात आणि प्रत्येकाचे विषय विद्यार्थी ज्या तक्त्यातून निवडतो, त्याला तिथे 'तार्योतिन', म्हणजे ताट, म्हणतात. ताटातील एका रकान्यातून एकच पदार्थ उचलता येतो. त्यामुळे भौतिकशास्त्र आणि हवी असलेली भाषा एकाच रकान्यात आली, तर त्यातले एक पुढच्या कालखंडावर ढकलावे लागते.

बहुतेक मुले तीन वर्षांत अभ्यास संपवतात, तरी कायद्याने चार वर्षांची मुभा आहे. ती घेणे हे अपयश मानले जात नाही. घरी मराठी आणि शाळेत फिनिश अशी कसरत करणाऱ्या मुलीने सावकाश जाणे मला तर शहाणपणाचेच वाटते.

खरा विचार करायला हवा तो मॅट्रिक्युलेशन परीक्षेचा, म्हणजे लुकिओच्या अखेरीस होणाऱ्या राष्ट्रीय परीक्षेचा. ती वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात होते. किमान पाच विषय द्यावे लागतात आणि ते सलग तीन सत्रांत विभागता येतात. विद्यापीठ प्रवेशातही तिच्या गुणांना मोठे वजन असते. म्हणून कोणता विषय कोणत्या सत्रात द्यायचा हे आधी ठरवावे आणि त्यावरून मागे येत ताट भरावे. गणिताचा विस्तृत अभ्यासक्रम निवडायचा असेल, तर त्याचे घटक एकावर एक रचलेले असल्याने त्यात खंड पडू देऊ नये.

शाळेत 'ओपो' नावाने ओळखले जाणारे अभ्यास-मार्गदर्शक असतात. पहिल्याच कालखंडात त्यांची वेळ घ्यावी आणि मुलीने आपल्या चार वर्षांचा कच्चा आराखडा कागदावर लिहून सोबत न्यावा.