घाटात गाडी हिसके मारते, दोष कुठे शोधायचा?

प्रश्न : मेस्त्री, नमस्कार. माझी टाटा ४०७ (छोटा ट्रक) आहे, २००३ सालची, साध्या पंपाची. मिरकरवाडा बंदरातून मासळी भरून कोल्हापूरला जातो. पावसाळ्यानंतर एक त्रास सुरू झालाय. साखरप्यापर्यंत गाडी मस्त चालते, आंबा घाट लागला आणि रेस दिली की हिसके मारते, गुदमरल्यासारखी होते. कडेला घेऊन थोडं थांबलं की परत चालते. टाकी अर्ध्याच्या खाली असली तर जास्तच. सकाळी सेल्फही बराच वेळ मारावा लागतो. धूर काळा नाही, कधीतरी पांढरट भपका येतो. दोन्ही डिझेल फिल्टर बदलून झाले. आता गॅरेजवाले सांगतात, डिझेल पंप आणि चारही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) उतरवून द्या. वीस-पंचवीस हजारांचं काम आहे. करू का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आत्ताच पंप उतरवू नका. पंप खराब नसेलच असं मी म्हणत नाही. पण तुमच्या पत्रात पंपाकडे बोट दाखवणारी एकही खूण नाही, आणि टाकीकडे दाखवणाऱ्या तीन आहेत.

पहिली खूण, सकाळचा सेल्फ. रात्रभर गाडी उभी राहिली की लाईनमधलं डिझेल टाकीकडे उतरतं आणि त्याच्या जागी हवा येते. हवा कुठूनतरी आत शिरल्याशिवाय डिझेल मागे जात नाही. दुसरी खूण, थांबल्यावर गाडी सुधारते. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, टाकी अर्ध्याखाली गेली की त्रास वाढतो. पंपाला टाकीत किती डिझेल आहे ते कळत नाही. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या सक्शन पाईपला मात्र कळतं.

हा पाईप टाकीच्या वरच्या बाजूने आत उतरतो आणि तळाजवळ संपतो. टाकी भरलेली असते तेव्हा तो सगळा डिझेलमध्ये बुडालेला असतो. रिकामी होत आली की वरचा भाग दमट हवेत उघडा राहतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात टाकीच्या आतून पाणी धरतं आणि पाईप नेमका तिथेच गंजतो. त्याला सुईएवढं भोक पडलं तरी पुरे. टाकी भरलेली असताना त्या भोकातून डिझेलच ओढलं जातं, म्हणून काही जाणवत नाही. पातळी खाली गेली की हवा ओढली जाते. त्यात घाटाच्या चढावर डिझेल टाकीत मागे सरकतं. तुमची तर मासळीची गाडी. बर्फाचं खारं पाणी चॅसीवर, टाकीवर, पाईपांच्या जोडांवर ठिबकत असणार. बाहेरून गंज, आतून गंज.

हवा आली की होतं काय ते सांगतो. डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पंपाने दाब दिला तरी तो बुडबुडा दाबण्यातच खर्च होतो, नोझल नीट उघडतच नाही आणि तो सिलिंडर चुकतो, म्हणजे त्यात डिझेल नीट पेटत नाही. अर्धवट जळालेलं डिझेल पांढऱ्या भपक्याने बाहेर पडतं. सपाट रस्त्याला थोडं डिझेल लागतं म्हणून निभावतं, चढावर भरलेल्या गाडीला जास्त लागतं म्हणून तिथे उघडं पडतं. शिवाय टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाकडे पाठवणारा छोटा पंप) लाईन ओढणारी आहे. तिथल्या चिरेतून डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून खालून टॉर्च मारून ओला डाग शोधणाऱ्याला काही सापडत नाही आणि मग बिचाऱ्या पंपावर आळ येतो.

आता तपासणी. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, त्यात ताजं डिझेल भरा. फीड पंपाला टाकीकडून येणारी लाईन सोडवा आणि त्या जागी डिझेलला टिकणारा पारदर्शक पाईप लावून दुसरं टोक कॅनमध्ये तळापर्यंत सोडा. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) ढिला करून हँड पंपाने एअर काढा. फेस येतो, मग फेस आणि डिझेल मिसळून येतं, मग नुसतं डिझेल येतं. नुसतं येऊ लागल्यावरही थोडं मारत राहा, मगच स्क्रू आवळा. कॅन नीट बांधा, सायलेन्सरपासून लांब ठेवा, आणि शक्यतो गाडी उभी ठेवूनच रेस देऊन बघा. चालवायचीच झाली तर गाडी रिकामी हवी आणि चढ गावाजवळचा. गाडी सुधारली तर दोष टाकीच्या बाजूला हे नक्की झालं.

कॅनवर सुधारली नाही, तर त्या पारदर्शक पाईपकडे बघा. त्यात बुडबुडे नसले तर हवेचा प्रश्न नाही. मग फीड पंपाची जाळी आणि व्हॉल्व्ह, त्यानंतर डिझेल पंपावरचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह. त्याची स्प्रिंग मऊ झाली की डिझेल परतीच्या लाईनने निघून जातं आणि पंपाला पुरेसा दाब मिळत नाही. लहानसा भाग आहे, पंप न उतरवता बदलता येतो. हे सगळं निर्दोष निघालं तरच नोझल काढून टेस्टरवर लावायला द्या, आणि तुम्ही स्वतः समोर उभे राहा. फवारा बारीक धुक्यासारखा हवा, टोकाला थेंब लटकता कामा नये.

एक धोक्याची गोष्ट. कुठला सिलिंडर चुकतोय ते बघायला आपले लोक इंजिन चालू ठेवून नोझल पाईपचं नट एकेक ढिलं करतात. जुन्या पंपावर ही रीत चालते, पण तिथे नोझल उघडायलाच २०० बारच्या आसपास दाब लागतो. हात जवळ नेऊ नका, कातडीत शिरलेलं डिझेल बोट घालवू शकतं. घरात नवी कॉमन रेलची (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या जास्त दाबाच्या डिझेल यंत्रणेची) पिकअप असेल तर तिथे हे चुकूनसुद्धा करायचं नाही, तिथला दाब याच्या कितीतरी पट असतो.

कॅनवर गाडी सुधारली असं धरून पुढचं. गाडी रात्रभर सपाटीवर उभी करा आणि सकाळी हलवण्याआधी टाकीचं खालचं बूच ढिलं करून पहिलं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या. उन्हात धरा. पाणी जड, ते तळाला बसेल आणि मधली रेघ स्पष्ट दिसेल. त्या रेघेवर काळपट, बुळबुळीत थर दिसला तर तो गंज नाही. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर वाढणारे जंतू आहेत ते, आणि सक्शनची जाळी तेच बंद करतात. थांबल्यावर गाडी सुधारते त्याचं एक कारण हेही असतं, ओढ थांबली की जाळीवरची घाण सुटून खाली पडते. असं असेल तर टाकी उतरवून आतून धुवायला हवी, नुसते फिल्टर बदलून ते परत भरतील. टाकीचं झाकणही बघा. त्याचं हवेचं छिद्र बंद असेल तर टाकीत ओढ तयार होते. झाकण थोडं उघडल्यावर फुस्स आवाज आला आणि गाडी सुधारली, तर तेवढंच काम.

सक्शन पाईप बाहेर काढलात की टोक बोटाने बंद करून पाण्यात धरा आणि दुसऱ्या टोकाने फुंका. भोक असेल तर बुडबुडा दिसेल. झाळून घेऊ नका, नवा घाला. जोडांवरचे तांब्याचे वॉशर नवे, होजच्या क्लिपा नव्या. जुने वॉशर एकदा दबले की परत नीट बसत नाहीत.

हे होईपर्यंत कृपा करून भरलेली गाडी घेऊन घाट चढू नका. ४०७ च्या ब्रेकला व्हॅक्यूमची मदत लागते. चढावर इंजिन बंद पडून गाडी मागे सरकायला लागली की पेडल जड होतं, आणि मागे एसटी असते, दुचाकीवर माणसं असतात. एक-दोन फेऱ्या दुसऱ्याची गाडी भाड्याने घ्या, मासळीचा खोळंबा होणार नाही.

प्रश्न : चिऱ्याची गाडी आहे, टर्बो इंजिन. दुपारनंतर पिकअप जातो आणि काळा धूर सोडते. डिझेल पंप कमी करून घेऊ का? (एक वाचक, राजापूर)

उत्तर : डिझेल नको कमी करायला, हवा वाढवा. चिऱ्याच्या खाणीतली तांबडी धूळ एअर फिल्टर लवकर भरते. फिल्टर काढून बघा, आणि हवा मारायची तर आतून बाहेर, कमी दाबाने. बाहेरून मारली तर धूळ कागदात रुतते. फिल्टरच्या पुढच्या रबरी होजमध्ये, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूला, बोट फिरवा. बोटाला तांबडं लागलं तर होज फाटलेला आहे किंवा फिल्टर नीट बसत नाही, आणि ती धूळ थेट टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) आणि पिस्टनच्या रिंगांपर्यंत जातेय. मग गाडी त्याच दिवशी थांबवा. बोट स्वच्छ आलं तर टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतचे (सिलिंडरांना हवा वाटणारी नळी) होज आणि क्लिपा तपासा. तिथून हवा निसटली तरी असाच काळा धूर येतो.