मे महिन्यात नागपुरात गावठी कोंबडी खुडूक बसली आहे, खाली अंडी ठेवू का? किती?

ठेवा, पण 10 ते 12 च. जास्त ठेवली तर कडेची अंडी पंखाबाहेर राहून थंड पडतात.

उन्हाळ्यात खरी गोची साठवणीत होते. खोलीत 40 अंशांच्या आसपास तापमान असेल तर कोंबडी बसण्याआधीच अंड्यात गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. म्हणून 3-4 दिवसांपेक्षा जुनी अंडी नकोत. तोवर ती माठाजवळ, निमुळतं टोक खाली करून ठेवा. दुकानातली पांढरी अंडी वापरू नका. त्या फार्मांत कोंबडा नसतो, त्यामुळे पिल्लू निघतच नाही.

टोपलीत तळाला ओलसर माती, वर तणस किंवा सुकं गवत. थोडी राख मिसळली की उवा-पिसवांचा त्रास कमी होतो. उवा झाल्या की कोंबडी अंडी सोडून उठते. जागा अंधारी, मुंग्या नसलेली हवी. अंडी रात्री खाली सरकवा आणि पेन्सिलने खूण करा, कारण दुसऱ्या कोंबड्या तिथेच नवी अंडी घालतात.

रोज 15-20 मिनिटं ती दाणापाण्याला उठेल, उठू द्या. सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर अंडं धरा: लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठीक, आरपार स्वच्छ असेल तर काढून टाका. 18 व्या दिवसानंतर हात लावू नका. पिल्लं 21 व्या दिवशी निघतात, एखादं दिवसभर मागेपुढे. कवच सोलून मदत करायला जाल तर रक्तस्रावाने पिल्लू जातं.