जितके आकडे जास्त, तितक्या गाड्या कमी

प्रश्न : ताई, मी ५४ वर्षांचा, बायको ५१. दर रविवारी नाशिकहून वणी नाहीतर त्र्यंबक असतंच, एकदा गोव्यापर्यंतही गेलोय. येत्या एप्रिलमध्ये आठ दिवस दक्षिण स्पेनच्या डोंगराळ भागात भाड्याच्या सायकलींवर फिरायचा बेत आहे. शर्यत करायची नाही, फक्त शांत रस्ते हवेत. नकाशावर सगळे सारखेच दिसतात. ओळखायचे कसे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : रस्त्याचा रंग बघू नका, नंबर बघा. लेक मालागात नोकरीला आहे, त्यामुळे साताऱ्याच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझे चार एप्रिल तिकडेच गेले. तिच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारे ट्रक ड्रायव्हर राहतात. पहिल्याच वर्षी त्यांनी नकाशा पसरून मला शिकवलं, की जितके आकडे जास्त, तितक्या गाड्या कमी. तीस वर्षं भूगोल शिकवला, पण असा कामाचा धडा मी कुणाला दिला नसेल.

ए-७ म्हणजे समुद्रकाठचा द्रुतगती मार्ग. तिथे पाहायचंसुद्धा नाही. ए-३७२ सारखे तीन आकडी रस्ते बरे, पण त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास टाकू नका. सान पेद्रोहून रोंदाला चढणारा ए-३९७ तीन आकडीच आहे आणि तिथे मोटारसायकली अंगावरून गेल्यासारख्या जातात. सीए किंवा एमए ही अक्षरं आणि पुढे चार आकडे दिसले, की समजायचं हा कादिस किंवा मालागा जिल्ह्याचा स्वतःचा रस्ता. आपल्या जिल्हा परिषदेच्या रस्त्यासारखाच गावाला गाव जोडणारा, फक्त खड्डे शोधावे लागतात. गाड्या मोठ्या रस्त्याने निघून गेल्या आणि हे मागे राहिले, म्हणून शांत.

तुम्ही रोंदाहून सुरुवात करा. तिथला १७९३ साली पुरा झालेला पूल बघून घ्या, गर्दी असतेच, आणि आरियातेमार्गे सेतेनिलला निघा. वीस किलोमीटरही नाही. सेतेनिलमध्ये घरांच्या डोक्यावर छप्पर म्हणून आख्खा कातळ आहे. नदीच्या एका बाजूची गल्ली उन्हाची, दुसरी सावलीची, आणि नावंही तशीच. सहलीच्या बस साधारण अकराला येतात, त्याआधी पोचा. पुढचा मुक्काम ओल्वेरा.

ओल्वेराला एक दिवस जास्त ठेवा. इथून पुएर्तो सेर्रानोपर्यंत ३६ किलोमीटरची ‘वीया वेर्दे’ आहे, म्हणजे रेल्वेच्या जागेवर केलेली सायकलवाट. जुन्या रेल्वेच्या म्हणणार होते, पण ही रेल्वे जुनी व्हायला आधी चालली तर पाहिजे! १९२० च्या दशकात काम सुरू झालं, ३० बोगदे खोदले, ४ मोठे पूल बांधले, स्टेशनं उभी केली, आणि गाडी एकदाही धावली नाही. रेल्वेसाठी केलेली वाट म्हणजे चढ नावालाच. वाटेत साफ्रामागोनचा सुळका लागतो, तिथे गिधाडांची मोठी वसाहत आहे. एका बोगद्यातून बाहेर आले तर डोक्यावर सतरा गिधाडं घिरट्या घालत होती. मी मोजली, आणि मग उगाचच जरा जोरात पायडल मारलं. दिवा न्या, सगळे बोगदे उजेडाचे नसतात. अगदी बारीक टायरच्या सायकली मात्र इथे घालू नका, खडी आहे.

ओल्वेराहून एल गास्तोरवरून साआराला या. मधे थोडा मोठा रस्ता लागतो, तो सकाळीच उरकून टाका. आता एक गोष्ट तुम्हाला कुठलाही नकाशा सांगणार नाही. इथे प्रत्येक गावाचा शेवटचा किलोमीटर सगळ्यात चढाचा असतो. हा सगळा पट्टा दोनेकशे वर्षं ग्रानादाचं मुस्लिम राज्य आणि कास्तीयाचं ख्रिस्ती राज्य यांच्या सीमेवर होता, म्हणून गावं किल्ल्याच्या पायाशी, टेकडीच्या माथ्यावर. साआरा १४८१ मध्ये ग्रानादाच्या सुलतानाने एका रात्रीत घेतलं आणि त्यातूनच ग्रानादाचं शेवटचं युद्ध पेटलं. त्याच्या फौजेने हा चढ रात्री कसा चढला असेल, हा विचार दुपारी अडीचला, सायकल ढकलत, मी पुष्कळ केला आहे.

साआरा ते ग्रासालेमा हा सीए-९१०४ म्हणजे तुमच्या सहलीचा मुख्य दिवस. साआराच्या निळ्या धरणाकडे पाठ करून बारा-तेरा किलोमीटर चढायचं, की आला पुएर्तो दे लास पालोमास, कबुतरांचा घाट. ‘पुएर्तो’ म्हणजे खरं तर बंदर. बोट लागते तेही पुएर्तो आणि डोंगर ओलांडतो तेही पुएर्तो. मालागात लेकीला मी म्हटलं, यात नवल काय, आपल्याकडे नदीचाही घाटच आणि खंबाटकीचाही घाटच. पण चढ खंबाटकीसारखा अंगावर येत नाही. वळणं सैल आहेत, बसून चढता येतं. फक्त शनिवार-रविवार टाळा, तेव्हा मोटारसायकलींचा बाजार भरतो. मंगळवारी सकाळी मला वरपर्यंत एक टपालगाडी आणि तीन बकऱ्या भेटल्या. घाटाच्या अंगाला ‘पिनसापो’ नावाच्या देवदारासारख्या झाडांचं जुनं जंगल आहे. हिमयुगाचा अवशेष म्हणून त्याला मान आहे, आणि १९७७ पासून हा सगळा डोंगर युनेस्कोचं राखीव जीवावरण क्षेत्र आहे.

पावसाळी जाकीट विसरू नका. अटलांटिकचे ढग इथे पहिल्यांदा डोंगराला थडकतात, म्हणून ग्रासालेमा हे स्पेनमधल्या सगळ्यात पावसाळी गावांपैकी एक. महाबळेश्वरचंच गणित, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याऐवजी पश्चिमेचा वारा घाला.

गाडीवाल्यांची भीती सोडा. सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचं असा तिथला कायदा आहे आणि खेड्यातले ड्रायव्हर तो पाळतात. माझ्या मागे एक ऑलिव्हचा ट्रॅक्टर दोन वळणं मुकाट्याने थांबला होता, हॉर्न नाही. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं, की शेवटी मीच बाजूला उतरले. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे.

भीती बाळगायची तर ब्रेकची. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला, तिकडे डाव्या. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. पहिल्याच उतारावर सवयीने डावा हात दाबला आणि दांड्यावरून थेट ऑलिव्हच्या बुंध्याशी. कोपर सोलवटलं, बाकी शाबूत. सायकल ताब्यात घेताना सांगून तार बदलून घ्या, नाहीतर पहिला तास सपाटीवर हात वळवून घ्या.

आणि एक. शांत रस्ता म्हणजे शांत गाव, आणि शांत गाव म्हणजे बंद दुकान. दोन ते पाच सगळं मिटलेलं, रविवारी तर दिवसभर. मी दुसऱ्या वर्षी एका गावात अडीचला पोचले, बाटली रिकामी, आणि रस्त्यावर माणूस नाही. चौकातला नळ होता म्हणून निभावलं. पाटीवर ‘नो पोताब्ले’ असेल तर ते पाणी पिऊ नका. पाचला बार उघडला तेव्हा जुन्या खोडीने मालकिणीला विचारलं, शाळेत मुलं किती? तिने दोन्ही हातांची बोटं पसरली आणि मग एक मिटलं.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, अंडं चालतं. दक्षिण स्पेनमध्ये सगळीकडे डुकराचं मांस असतं म्हणे. खेड्यात जेवायचं काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : सकाळचा प्रश्न नाहीच. भाजलेला पाव, त्यावर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्हचं तेल. पाव देताना बारवाला विचारतो, ‘आसेइते’ की ‘मांतेका’? आसेइते म्हणजे तेल, तेच सांगा. मांतेका ऐकायला मस्क्यासारखं वाटतं, पण ती डुकराची चरबी. मस्का म्हणजे ‘मांतेकीया’. एवढ्याशा फरकाने माझ्या मैत्रिणीचा चातुर्मास मोडला असता.

दुपारी पालक-चण्याची भाजी मागा, ‘एस्पिनाकास कोन गार्बान्सोस’. जिरं असतं, घरी आल्यासारखं वाटतं. तळलेल्या वांग्यावर काकवी घालून देतात, ते एकदा खाऊन बघा. बटाट्याचं जाड ऑम्लेट सगळीकडे. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, कारण त्यांच्या लेखी हॅमचे तुकडे आणि टुना हे मांस नव्हेच. ‘सिन हामोन, सिन आतून’, म्हणजे हॅम नको, टुना नको, हे शब्द पाठ करा. थंड टोमॅटो सार, साल्मोरेखो, त्यावरही हॅम भुरभुरतात. वियालुएंगा देल रोसारियो हे पाचशेच्या आतल्या वस्तीचं गाव वाटेत आलं तर तिथलं पायोया बकरीचं चीज घ्या, फक्त रेनेटचं (प्राण्याच्या जठरातून काढलेल्या विरजणाचं) वावडं असेल तर आधी विचारा. रात्री साडेआठच्या आत कुणी ताट वाढणार नाही. शेंगदाण्याचे लाडू न्या.

प्रश्न : मी म्युनिकला असतो. मुलं अकरा आणि तेरा वर्षांची. शाळेमुळे दक्षिण स्पेनची सायकल सहल ऑगस्टमध्येच जमेल. चालेल का? (एक वाचक, म्युनिक)

उत्तर : नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये कोर्दोबाजवळच्या ला राम्ब्ला गावात पारा ४७.६ वर गेला होता, आणि त्या डोंगरी रस्त्यांवर झाड असलं तर ऑलिव्हचं, त्याच्या सावलीत मांजरही नीट मावत नाही. बव्हेरियात मे-जूनच्या सुमाराला पेंटेकॉस्टची दोन आठवड्यांची सुट्टी असते ना? ती घ्या, आणि मुलांना ओल्वेराची बोगद्यांची वाट दाखवा.