सस्पेंडर्स घालतोयस ना, मग आधी पँट सैल कर

अरे,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. दोन ओळींत उत्तर टाकणार होतो पण मग म्हटलं नको, नीट बसून लिहूया, कारण दुपारपर्यंत खांदे भरून येतात, मागची क्लिप सटकते आणि बाथरूमला जायचं म्हटलं की टेन्शन येतं असं जे तू लिहिलंयस ना, त्या तिन्हीतून मी गेलोय. हर्नियाच्या ऑपरेशननंतर पोटावर बेल्टचा दाब सहन होईना, तेव्हापासून मी सस्पेंडर्स, म्हणजे खांद्यावरून जाऊन पँट धरणाऱ्या या पट्ट्या, घालतोय, लहानपणी आम्ही याला गॅलिस म्हणायचो आणि माझ्या तोंडी अजून तोच शब्द आहे, तर इथेही तोच येईल. सवय व्हायला मला दोन-तीन महिने लागले कारण सांगणारं कुणी नव्हतं. तुला एवढे लागायची गरज नाही.

सगळ्यात आधी पँट. तू पँटबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस पण मला खात्री आहे की तू बेल्टवर घालायचास तीच पँट आता गॅलिसवर घालतोयस, आणि ती कमरेला बरोब्बर बसणारी आहे. इथेच सगळं बिघडतं. बेल्ट पँटला कमरेवर आवळून धरतो, गॅलिस तिला खांद्यावरून लटकवून ठेवतात, म्हणजे पँट कमरेला घट्ट असण्याची काही गरजच उरत नाही, उलट घट्ट असली की ती कमरेवर अडते आणि पट्ट्या तिला वर खेचत राहतात, तू बसलास उठलास की ओढाताण सुरू. कमरेत दोन बोटं आरामात फिरतील, साधारण एक ते दीड इंच जागा राहील अशी पँट घे. श्वास घेतलास, जेवलास, पोट फुगलं तरी पँटला पत्ता लागत नाही. गॅलिसचं खरं सुख हेच आहे. घट्ट बेल्टने काही लोकांना मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येतात कारण तिथे जाणारी नस कमरेपाशी दबते, जेवणानंतर छातीत जळजळ वाढते, तो सगळा ताप सैल कमरेने कमी होतो. मग गॅलिस लावून वर पँटही घट्ट ठेवायची म्हणजे काय मिळवलं?

दुसरं म्हणजे पँटची उंची. बेंबीच्या आसपास येणारी पँट हवी. खाली हिप्सवर बसणारी लो वेस्ट पँट गॅलिसने वर ओढलीस तर पुढून शिवण टोचते, मागून दिसायला वाईट दिसते आणि सोडलीस तर पट्ट्या सैल पडतात, मधलं काही सापडतच नाही. तुझी चूक नाही त्यात, कपडाच तसा कापलेला आहे. लंडनची अल्बर्ट थर्स्टन कंपनी १८२० पासून गॅलिस बनवतेय आणि त्या काळात पँटी इतक्या उंच असायच्या की बेल्ट सोयीचाच पडायचा नाही. जीन्सचं बघ, लिव्हाइसच्या जीन्सला सुरुवातीला गॅलिसची बटणं असायची, बेल्टच्या लूप आल्या १९२२ मध्ये आणि गॅलिसची बटणं गेली १९३७ मध्ये, म्हणजे मधली पंधरा वर्षं दोन्ही एकाच पँटवर. नंतर कंबर खाली खाली येत गेली. तर तुझ्या कपाटातली सगळ्यात उंच पँट शोध, ती जुनी म्हणून बाजूला टाकली असशील बहुतेक.

आता लांबी. ही आरशासमोर उभं राहून करतात आणि तिथेच सोडून देतात, म्हणून फसतात. उभा राहून लाव, मग खुर्चीत बस, खाली वाकून बुटाची लेस बांधल्यासारखं कर, दोन्ही हात वर करून वरच्या फळीवरचं काहीतरी काढल्यासारखं कर. हात वर केल्यावर पँट मांड्यांमध्ये रुतली तर पट्ट्या आखूड आहेत. खांदे उडवल्यावर पट्टी घसरली तर सैल आहेत. छातीवर पट्टीखाली अंगठा घालून पुढे ओढ, दोनेक इंच सहज यायला हवी, येत नसेल तर तेवढ्याच ताणाने तुझे खांदे दिवसभर दाबले जातायत आणि दुपारी जे भरून येतात ना ते त्यामुळेच. बहुतेक नवीन माणसं गॅलिस गरजेपेक्षा घट्ट लावतात, पँट पडेल या भीतीने. नाही पडत रे. पट्ट्यांनी पँटला फक्त धरून ठेवायचं असतं, उचलायचं नसतं.

लांबी कमीजास्त करायचं जे बक्कल असतं ते दोन्हीकडे सारख्या उंचीवर आणि छातीच्या खाली यायला हवं. ते जर गळ्याच्या हाडापाशी पोचत असेल तर ती पट्टी तुझ्यासाठी लांब आहे, दुसरी घे, आणि अगदी खाली पँटला टेकत असेल तर आखूड. मापाचा टेप घेऊन पुढच्या बाजूला पँटच्या पट्टीपासून खांद्यावरून मागे पँटच्या पट्टीपर्यंत मोज आणि तो आकडा लिहून ठेव, घ्यायला जाशील तेव्हा उपयोगी पडेल. ऑनलाइन शोधताना ब्रेसेस हा शब्दही टाकून बघ, ब्रिटनमध्ये याला ब्रेसेस म्हणतात, तिकडे सस्पेंडर्स म्हटलं की बायकांचे लांब मोजे धरणाऱ्या पट्ट्या.

पाठीमागचा आकार तू कुठला घेतलायस ते लिहिलं नाहीस. वाय आकारात दोन पट्ट्या पाठीवर एकत्र येऊन खाली एकच जाते, एक्समध्ये क्रॉस होऊन दोन वेगळ्या खाली जातात, आणि एच असतो तो अंगमेहनतीच्या कामाचा, त्यात दोन सरळ पट्ट्यांना मागे एक आडवी पट्टी जोडते. तुझे खांदे उतरते आहेत, तुला वाय बरा पडेल असं मला वाटतं, त्यात पट्ट्या मानेच्या जवळून जातात म्हणून बाहेर घसरत नाहीत, फक्त तो जोड कुठे येतो ते बघ, फार खाली आला तर पट्ट्या परत खांद्याच्या टोकाकडे जातात. रुंदी एक इंचापेक्षा कमी नको, साधारण ३५ मिलिमीटर असेल तर उत्तम. बारीक पट्टी फोटोत छान दिसते पण खांद्यात रुतते. सुतारकाम करणारे कमरेला हत्यारांचा पट्टा लावतात तेव्हा दोन-दोन इंच रुंदीचे गॅलिस घालतात, वजन पसरावं म्हणून. आणि वजनावरून आठवलं, खिसे रिकामे कर! फोन, पाकीट, चाव्यांचा जुडगा, पॉवर बँक सगळं पँटच्या खिशात घालून फिरतोस तू, बेल्टवर ते कमरेने उचललं, आता तो सगळा भार खांद्यावर येतो. फोन आणि चाव्या बॅगेत टाक, दोन दिवसांत फरक कळेल.

आता क्लिप. मनापासून सांगतो, क्लिपवर सुरुवात कर पण थांबू नको, पँटला शिवलेल्या बटणांवर ये. क्लिप दातांनी कापड पकडते, पातळ किंवा गुळगुळीत कापडावर सटकते, महिनोन्महिने एकाच जागी लावलीस तर तिथे भोकं पडतात. तोपर्यंत एवढं कर, क्लिप पँटच्या कमरेच्या जाड पट्टीवरच लाव, बेल्टच्या लूपवर अजिबात नको, आणि आत कापडाचा किंवा रबराचा छोटा तुकडा दुमडून धर म्हणजे पकड येते आणि कापडही वाचतं. जुन्या क्लिपची स्प्रिंग सैल झाली की ती टाकून दे, तिला वाकवून परत घट्ट करत बसू नको. माझी एक अशीच जुनी क्लिप खोकं उचलायला वाकलो तेव्हा मागून सुटली, ताणलेली पट्टी खांद्यावरून गरकन पुढे आली आणि धातूचं टोक भुवईवर बसलं, डोळा अर्ध्या इंचाने वाचला. त्या दिवसापासून लावताना आणि काढताना पट्टी एका हाताने धरल्याशिवाय मी दुसऱ्या हाताने क्लिप उघडत नाही, तूही ही सवय आत्तापासून लाव, आणि घरात लहान पोरं असतील तर त्यांना ताणून सोडायचा खेळ करू देऊ नकोस.

बटणं सहा लागतात, चार पुढे दोन मागे. पुढच्या प्रत्येक बाजूला दोन, त्यातलं एक इस्त्रीच्या घडीच्या जरा आत मधल्या बाजूला आणि दुसरं तिथून तीनेक इंच बाहेर कडेकडे. मागची दोन मधल्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड इंचावर. ऑफिसच्या पँटला ती कमरेच्या पट्टीच्या आतल्या बाजूने लावतात म्हणजे बेल्ट घालायच्या दिवशी दिसत नाहीत, पण खुर्चीला टेकून बसायचं काम असेल तर मागची दोन बाहेरून लावलेली मला बरी वाटतात, आतली पाठीला टोचतात. दोरा जाड घे, आणि बटणाखाली थोडी दोऱ्याची मान सोड, म्हणजे बटण कापडाला चिकटून नको, नाहीतर पट्टीच्या टोकाचा चामड्याचा फासा त्यात जातच नाही आणि रोज सकाळी झटापट होते. तयार होताना आधी पँट हातात असतानाच मागची बटणं लावून घ्यायची, मग पँट चढवायची, पट्ट्या खांद्यावरून पुढे आणायच्या, पुढची लावायची. पँट घालून झाल्यावर पाठीमागे हात नेऊन चाचपडत बसू नको.

बाथरूमचं तू लाजत लाजत विचारलंस, त्यात लाजण्यासारखं काय आहे, हा प्रश्न गॅलिस घालणाऱ्या प्रत्येकाला पडतो. उभ्याने जायचं असेल तर काहीच करावं लागत नाही, चेन उघडायची बस. बसायचं असेल तर जॅकेट किंवा स्वेटर आधी काढून हुकला टांगायचा, पट्ट्या खांद्यावरून बाजूला सरकवायच्या आणि पँट खाली घेताना दोन्ही पट्ट्या एका हातात गोळा करून पुढे मांडीवर ठेवायच्या. मागे लोंबू दिल्या तर त्या कुठे पडतील ते वेगळं सांगायला नको. क्लिप किंवा बटणं काढायची गरज नाही, नुसत्या खांद्यावरून उतरवल्या की पुरतं. मात्र म्हणूनच एक गोष्ट, गॅलिसवरून डोक्यातून घालायचा स्वेटर घालत असशील तर दर वेळी तो पूर्ण काढावा लागतो, त्यापेक्षा पुढून उघडणारा घाल. शर्टच्या आतून घालायचे गॅलिस मिळतात, ते वरून दिसत नाहीत हे खरं, पण त्यांच्यासाठी शर्टची बटणंच उघडावी लागतात, तेव्हा दिवसभर बाहेर असशील तर विचार करून घे.

गाडीचा सीटबेल्ट खांद्यावरून जातो तिथे खाली गॅलिसचं बक्कल आलं तर टोचतं, तेवढी पट्टी जराशी बाजूला सरकव, पण सीटबेल्ट सैल करू नको किंवा काखेखालून घेऊ नको, कितीही टोचलं तरी नाही. पाठीवरच्या सॅकचंही तसंच, सॅकचे पट्टे आणि गॅलिस एकावर एक आले आणि मध्ये पीळ पडला की तो खांद्यात रुततो, सॅक चढवल्यावर एकदा बोट फिरवून पट्टी सपाट करायची. विमानतळावर धातूच्या क्लिपवर मशीन वाजतं, तिथे त्या काढून ट्रेमध्ये टाकाव्या लागू शकतात, म्हणून प्रवासाच्या दिवशी बटणवाले घाल.

बेल्ट आणि गॅलिस दोन्ही एकदम नको, दोघं एकमेकांच्या विरुद्ध काम करतात. फक्त बेल्टला अडकवायचे हुकवाले गॅलिस असतात तिथे बेल्ट लागतोच, पण तोही सैल. रंगाबिंगाचं तुझं तू ठरव, मला त्यातलं फार कळत नाही. लोक बघतील ही जी तुझी भीती आहे ना, त्याबद्दल एवढंच की एकेकाळी गॅलिस म्हणजे आतले कपडे समजायचे, चारचौघांत दिसू द्यायचे नाहीत, आणि नंतर अमेरिकेतला टीव्हीवरचा मुलाखतकार लॅरी किंग सीएनएनवर १९८५ ते २०१० रोज रात्री जॅकेट न घालता गॅलिसवर मुलाखती घेत बसायचा आणि तीच त्याची ओळख झाली. आणि तुला एवढा त्रास होतोय म्हणून वाईट वाटून घेऊ नको, अमेरिकी लेखक मार्क ट्वेनलासुद्धा गॅलिस नकोसे झाले होते, त्याने १८७१ मध्ये त्याऐवजी कपड्याला लावून कमीजास्त करता येईल अशा पट्टीचं पेटंट काढलं होतं.

धुवायचं म्हणशील तर हाताने, कोमट पाण्यात, चामड्याचे फासे भिजू न देता. मशीन, ड्रायर, इस्त्री काही नको, गरमीने इलॅस्टिकचा जीव जातो. रात्री पँटला तसेच अडकवून ताणलेले ठेवू नको, काढून सरळ लोंबते ठेव. आणि पट्टी ओढल्यावर परत जागेवर येत नसेल, लाटालाटा दिसत असतील, तर ती संपली, मग कितीही घट्ट केलीस तरी उपयोग नाही.

या आठवड्यात एवढंच कर, सैल पँट, रिकामे खिसे, आणि पट्ट्या प्रत्येकी एक इंच सोड. खांद्यांचं काय होतं ते मला कळव. रविवारी येणार असशील तर ती उंच पँट आणि सहा बटणं घेऊन ये, दोन मागची मी लावून देतो, पुढची चार तू लाव म्हणजे पुढच्या पँटला माझी गरज पडणार नाही.

तुझा,
काका