प्रश्न तुमचे : स्वतःची वेबसाइट आणि समानधर्मी मंडळी

प्रश्न : मी मूल तालुक्यातील एका खेड्यात राहणारा निवृत्त शिक्षक असून झाडीबोलीतील, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या बोलीतील, धानशेतीचे शब्द गोळा करतो. ते एका समाजमाध्यमावर लिहीत होतो. गेल्या दिवाळीत खाते कारण न कळवता बंद झाले आणि चारेकशे नोंदी गेल्या. त्यांतील निम्म्या तालुक्याच्या डीटीपी सेंटरमध्ये पूर्वी टाइप करून घेतल्या होत्या. नातवाचा जुना लॅपटॉप जवळ आहे. एवढ्यावर स्वतःची वेबसाइट होईल काय? आणि ती वाचणार कोण?

उत्तर : गुरुजी, होईल, आणि त्याला फारसा खर्चही येणार नाही. वेबसाइट म्हणजे मुळात काही फाइलींचे एक फोल्डर असते. ‘इंडेक्स’ नावाची पहिली फाइल नोटपॅडमध्ये एचटीएमएल या वेबपानाची मांडणी सांगणाऱ्या भाषेच्या आठ-दहा खुणा वापरून लिहिता येते. मथळा, परिच्छेद, चित्र आणि दुवा या चार गोष्टी कशा लिहायच्या ते आले, की तुमच्या शब्दसंग्रहाला पुरेसे झाले. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९०-९१ मध्ये सर्न या संशोधनसंस्थेत उभे केलेले जगातले पहिले संकेतस्थळही असेच, निव्वळ मजकूर आणि दुवे यांचे होते. हे फोल्डर २०१३ पासून चालू असलेल्या निओसिटीजवर किंवा गिटहब पेजेसवर विनामूल्य ठेवता येते आणि दोन्हीकडे सुमारे १ जीबी जागा मिळते. ही जागा थोडी वाटेल, म्हणून हिशेब सांगतो. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे हजार शब्दांचा लेख साधारण २० केबींत बसतो. उलट मोबाइलवर काढलेला बांधीचा (धानाच्या बांध घातलेल्या शेताचा) एक फोटो ३-४ एमबींचा, म्हणजे तशा दीड-दोनशे लेखांएवढा असतो. फोटो लहान करूनच चढवा. तुमच्या गावात नेटवर्कची एकच दांडी दिसत असेल, तरीही मग पान उघडेल.

खरी मेहनत डीटीपीच्या फाइलीवर करावी लागेल. त्या काळच्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर मजकूर उघडला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. युनिकोड या जगभर चालणाऱ्या पद्धतीत मात्र प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. ‘क’चा क्रमांक २३२५ आहे आणि तो कोणत्याही फॉन्टमध्ये तोच राहतो. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर सहज मिळतात, परंतु बदललेला मजकूर डोळ्यांत तेल घालून तपासावा लागतो. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टाइप होत असे, म्हणून चुका नेमक्या तिथेच होतात. दुसरी काळजी बोलीची. शुद्धलेखन तपासनीस चालू राहिला, तर तुमच्या ‘पानी’चे तो ‘पाणी’ करून टाकेल आणि अकारण प्रमाणभाषा उमटेल. तो बंद ठेवा. फाइल साठवताना ‘यूटीएफ-८’ हा युनिकोड साठवण्याचा पर्याय निवडा आणि पानाच्या आरंभीही तशी नोंद करा. फाइलींची नावे तेवढी लहान इंग्रजी अक्षरांत असू द्या, कारण देवनागरी नावाचा दुवा व्हॉट्सअॅपवर पाठवला की एकेका अक्षराची नऊ-नऊ चिन्हे होऊन लांबलचक शेपूट तयार होते.

एका शब्दाला एक पान द्यावे, असे मी सुचवीन. उदाहरणार्थ ‘बोडी’ (शेतातले छोटे तळे) : अर्थ, ती शेताच्या कोणत्या अंगाला खोदतात, तिचे पाणी कोणत्या बांधीला आधी सोडतात, शब्द कोणत्या गावी कोणाच्या तोंडून ऐकला, आणि शेवटी ‘रोवणा’ (धानाची लावणी), ‘पऱ्हे’ (धानाची रोपे), ‘मामा तलाव’ (माजी मालगुजारी तलाव) या पानांचे दुवे. समाजमाध्यमावर ही वीण कधीच घालता आली नसती. तिथे आज लिहिलेले उद्या खाली सरकते.

फुकटची जागाही कायमची समजू नका. १९९४ मध्ये सुरू झालेले जिओसिटीज हे कोट्यवधी घरगुती पानांचे गाव होते. ते याहू या कंपनीने विकत घेतले आणि २००९ मध्ये त्याचा मुख्य भाग बंद केला. तुमच्या फोल्डरची एक प्रत लॅपटॉपवर आणि एक पेनड्राइव्हवर असली, की त्याच फाइली दुसऱ्या ठिकाणी तासाभरात उभ्या करता येतात. २०११ पासून इंडीवेब या नावाने एकत्र आलेली मंडळी म्हणूनच आधी स्वतःच्या स्थळावर लिहितात आणि मग त्याचा दुवा समाजमाध्यमांवर देतात. तुम्हीही तसेच करा. तिथले खाते पुन्हा बंद झाले, तरी जाईल तो फक्त दुवा.

आता वाचणार कोण. हजारो वाचक येणार नाहीत, हे आधीच मान्य करावे. तुमच्या स्थळावर ‘शेजारी’ नावाचे एक पान करा आणि बोलीभाषा, दंडार हे लोकनाट्य, देशी बियाणे, जुने तलाव यांवर स्वतःच्या जागेत लिहिणाऱ्या पाच-सात जणांचे दुवे, प्रत्येकाविषयी दोन ओळी लिहून, तिथे द्या. मग त्या प्रत्येकाला ई-मेल पाठवा. ‘छान लिहिता’ एवढेच नको, तर त्याच्या एखाद्या नोंदीत तुमच्याकडची भर घाला. उत्तर देणाऱ्यांपैकी निम्मे तुमचा दुवा लावतील असा माझा अनुभव आहे. असे चार-पाच जण जमले, की वेबरिंग करता येते : प्रत्येकाच्या पानाखाली ‘मागील’ आणि ‘पुढील’ असे दोन दुवे, आणि शेवटच्याकडून वाचक परत पहिल्याकडे. नव्वदीच्या दशकातली ही रीत छोट्या स्थळांच्या मंडळींनी अलीकडे पुन्हा उचलली आहे. जोडीला आरएसएसची, म्हणजे नव्या पानांची यादी देणारी, फाइल ठेवा, म्हणजे तुमचे नवे पान नियमित वाचकाच्या फीडरीडरमध्ये (अशा याद्या वाचणाऱ्या ॲपमध्ये) आपोआप पोहोचेल.

प्रश्न : आमच्या युवक मंडळाच्या वेबसाइटसाठी ओळखीच्या मुलाने डोमेन घेऊन दिले. तो आता पुण्याला गेला आणि फोन उचलत नाही. (वाचक, भंडारा जिल्हा)

उत्तर : डोमेन, म्हणजे वेबसाइटचा स्वतःच्या नावाचा पत्ता, विकत मिळत नाही, ते मुदतीपुरते भाड्याने मिळते, आणि ज्याच्या नावावर व ई-मेलवर नोंद असते त्याचेच ते असते. मुदत कधी संपते हे ‘हू-इज’ या डोमेनची नोंद दाखवणाऱ्या शोधात लगेच दिसते. ती संपण्याआधी त्या मुलाच्या घरच्यांना भेटून खाते मंडळाच्या ई-मेलवर वर्ग करून घ्या. ते न जमल्यास नवे नाव घेणे बरे. माझे स्वतःचे पहिले डोमेन नूतनीकरणाचा ई-मेल न पाहिल्यामुळे गेले. पुढे काही वर्षे त्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात झळकत होती आणि ओळखीचे लोक मला विचारीत होते.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहते. रानभाज्यांवर लिहावेसे वाटते, परंतु सासरी नाव कळू द्यायचे नाही. (एक वाचक)

उत्तर : ताई, टोपणनावाने लिहा आणि त्यासाठी वेगळा ई-मेल काढा. सुरुवातीला डोमेन घेऊ नका, म्हणजे नाव-पत्ता आणि पैसे देण्याचा प्रसंगच येणार नाही. फुकटच्या जागेबरोबर मिळणारा उपपत्ता पुरेसा आहे. एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही : मोबाइलच्या कॅमेऱ्यात ‘लोकेशन’ चालू असेल, तर तरोट्याच्या पानांच्या फोटोत तुमच्या वावराचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. ते आधी बंद करा आणि जुने फोटो ती माहिती काढूनच चढवा. फोटोत घराची भिंत, गाडीचा क्रमांक किंवा दुकानाची पाटी आली नाही ना, हेही पाहा. तरोट्याची कोवळी पाने तुमच्याकडे मृगानंतर किती दिवसांनी खुडतात आणि भाजीत चण्याची डाळ घालतात की नाही, हे मात्र पहिल्याच पानावर अवश्य लिहा.