पाटल्या मोडून हप्ता?

विट्याहून एक वाचक विचारतात: 'आईच्या ४० ग्रॅमच्या पाटल्या मोडायच्यात. हॉलमार्क नाही. सराफांनी कसोटीवर घासून २० कॅरेट सांगितलं, वर ५ टक्के घट. फसवतायत का? ९६ हजारांचा विम्याचा हप्ता आलाय. मागचे तीन हप्तेही दागिने मोडूनच भरले. मुदत २० वर्षं, शेवटी ३२ लाख मिळतील. एजंट घरचाच, मेहुणा.'

आधी पाटल्या. २२ कॅरेटच्या असतील तर ४० ग्रॅममध्ये शुद्ध सोनं साडेछत्तीस ग्रॅम, २० च्या असतील तर तेहतीस. जुन्या दागिन्यांत डाग, म्हणजे सांधे जोडायचं हलकं मिश्रण, भरपूर असायचा, त्यामुळे २० निघूही शकतं. पण दगडावरच्या रेघेवर सौदा करू नका. बीआयएसमान्य हॉलमार्किंग केंद्रात चार नगांपर्यंत २०० रुपये आणि जीएसटी भरून तपासणी होते. यंत्र वरचाच थर वाचतं, तेव्हा सांध्यांजवळही बघायला लावा. पक्कं हवं असेल तर डोळ्यांसमोर आटवून लगडीचा टंच, म्हणजे शुद्धता, काढा. आणि टंच काढल्यावर घट कसली? डागाचा हिशेब त्यात आलेलाच असतो. वर पुन्हा घट लावली तर एकच वजावट दोनदा होते. खानापूर-विट्याची माणसं देशभर गलाईची, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायची, दुकानं चालवतात, आणि हे तुम्हाला मी सांगायचं!

पण कॅरेट आणि घट धरूनही हे भांडण पाचेक ग्रॅमचं. खरं नुकसान मेहुण्याच्या कागदात आहे. २० वर्षांत तुम्ही भरणार १९ लाख २० हजार. त्याचे ३२ लाख म्हणजे वर्षाला जेमतेम साडेचार-पावणेपाच टक्के, तेही बोनसच्या अंदाजावर. हेच पैसे पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी साडेबेचाळीस लाखांच्या आसपास जातात. दहा लाखांची दरी, आणि असले हप्ते भरायला आईचा दागिन्यांचा डबा रिकामा होतोय! उत्पन्नातून परवडत नाही असा हप्ता गळ्यात मारणाऱ्याला मी सल्लागार म्हणत नाही, मग तो मेहुणा का असेना.

घाई नको. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते. तेवढ्यात कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज सरेंडर केली, म्हणजे बंद करून पैसे परत घेतले, तर किती; पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवली, तर किती. तीन हप्ते भरलेत, म्हणजे पेड-अपचा मार्ग मोकळा असायला हवा. मेहुण्याचा तोंडी आकडा चालणार नाही. पाटल्या तोवर आईकडेच राहू द्या. घरी तुमच्यावर अवलंबून माणसं असतील तर साधा मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) घ्या आणि तो हातात पडेपर्यंत जुनी पॉलिसी सोडू नका.